मामाचा प्रश्न आणि जॉन ब्राउनिंग

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो की मामाकडे एक चक्कर ठरलेली असते. मामाचं गाव चिखली-मेहकर रस्त्यापासून बरंच आत आहे आणि मामाचं घर गावात नाही, वावरातच आहे. विहीर, गोठा, दोन खोल्या आणि मागे कुटाराचा ढीग. रात्री आठनंतर तिथे रातकिड्यांशिवाय कोणाचा आवाज नसतो. यावेळी गेलो तर मामाची झोप उडालेली. शेजारच्या शिवारात रात्री चोर शिरले होते. म्हाताऱ्या नवरा-बायकोला बांधून ठेवलं आणि सोयाबीनचे आलेले पैसे घेऊन गेले. मामाने ठरवून टाकलं होतं की आता लायसन्स काढायचं आणि हत्यार घ्यायचं.

मी मेकॅनिकलला असल्यामुळे घरातली नादुरुस्त मोटर, बंद पडलेला फवारणी पंप, सगळं माझ्यापुढे येतं. तसा हा प्रश्नही आला. रिव्हॉल्व्हर बरं की पिस्तूल? ऐनवेळी अडकणार नाही, गंजणार नाही आणि जन्मभर टिकेल असं कोणतं? मामाने ट्रॅक्टर घेतानाही अगदी असंच विचारलं होतं. मामीला हा विषय आवडलेला दिसत नव्हता. ती भांडी जरा जास्तच आपटत होती.

मशीन डिझाइनमध्ये मी काठावर पास झालेला माणूस. तरी मामाला नाही कसं म्हणणार? होस्टेलला परत आल्यावर सबमिशनच्या फायली बाजूला ठेवून वाचायला लागलो. आणि मित्रांनो, गंमत अशी की कुठूनही सुरुवात करा, वाट एकाच माणसाच्या दारात जाते. त्याचं नाव जॉन मोझेस ब्राउनिंग. मामाचा प्रश्न त्याने शंभर वर्षांपूर्वीच सोडवून ठेवला होता. निदान मला तरी आधी तसं वाटलं.

जॉनचा जन्म २३ जानेवारी १८५५ चा, अमेरिकेतल्या युटा प्रांतातल्या ऑग्डेन गावी. वडील जोनाथन हे बंदुका बनवणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर. ते मॉर्मन पंथाचे. पंथाच्या लोकांना पूर्वेकडून हुसकावलं गेलं, तेव्हा ही मंडळी बैलगाड्यांतून पश्चिमेकडे गेली आणि जोनाथन १८५२ मध्ये ऑग्डेनला स्थिरावले. त्यांना तीन बायका आणि बावीस मुलं! घर म्हणजे आपल्या होस्टेलचा एक मजलाच म्हणा. बंदुकीबरोबर गावाची इतर लोखंडी कामंही त्यांच्या दुकानात येत.

याच दुकानात जॉन लहानाचा मोठा झाला. दहा वर्षांचा असताना त्याने भंगारातली मोडकी नळी आणि लाकडाचा तुकडा घेऊन चालणारी बंदूक जोडली आणि भावाबरोबर जाऊन पाखरं मारून आणली, अशी आठवण सांगतात. कॉलेजचं तोंड त्याने कधी पाहिलं नाही. ड्रॉइंग शीट, टी-स्क्वेअर यांच्याशीही त्याचा फारसा संबंध नव्हता. कल्पना डोक्यात पक्की झाली की तो लोखंड हातात घेई.

मला मात्र त्याच्या शिक्षणातली खरी गोष्ट वेगळी वाटते. जॉनने बालपणी नव्या बंदुका थोड्या पाहिल्या आणि बिघडलेल्या पुष्कळ पाहिल्या. कोणाची स्प्रिंग तुटली, कोणाची खटकी झिजली, कोणाच्या बंदुकीत माती गेली आणि ती नेमकी अस्वल समोर असताना बसली. ज्याच्याकडे दुरुस्तीला वस्तू येतात त्याला यंत्र कुठे हरतं ते कळतं. आपल्या गावचा मोटर रिवायंडिंगवाला पंपाबद्दल जे सांगतो ते कंपनीच्या माहितीपत्रकात सापडत नाही, तसंच हे.

१८७९ हे वर्ष त्याच्या आयुष्यात फार मोठं. त्या वर्षी त्याचं लग्न झालं, त्याच वर्षी वडील वारले, आणि ऑक्टोबरमध्ये त्याला पहिलं पेटंट मिळालं. ते एकेरी गोळीच्या रायफलचं होतं. भावांना हाताशी धरून त्याने ऑग्डेनमध्येच छोटा कारखाना टाकला आणि सुमारे ६०० रायफली बनवल्या. त्यातली एक फिरत फिरत विंचेस्टर या मोठ्या कंपनीच्या हाती लागली. १८८३ मध्ये कंपनीचे बेनेट साहेब आगगाडीने थेट ऑग्डेनला आले आणि ८,००० डॉलर देऊन त्या रायफलचे हक्क घेऊन गेले. पुढची १९ वर्षं ब्राउनिंग डिझाइन करणार आणि विंचेस्टर ते विकत घेणार, असं चाललं. कंपनीने त्याची ४४ डिझाइन्स घेतली. त्यातली बरीच कधी बनवलीच नाहीत. ती दुसऱ्या कोणाला मिळू नयेत एवढ्यासाठी पैसे मोजले.

१८८९ च्या सुमाराची एक गोष्ट तर प्रत्येक इंजिनिअरने वाचावी अशी आहे. नेमबाजी चालली होती. ब्राउनिंगचं लक्ष गेलं ते नळीपुढच्या गवताकडे. गोळी सुटली की तोंडातून निघणाऱ्या वायूने गवत झुकत होतं. सगळ्यांनी ते हजार वेळा पाहिलेलं. याच्या डोक्यात आलं की ही शक्ती फुकट जाते आहे, तिच्याकडूनच पुढची गोळी भरून घेता येईल. त्याने नळीच्या तोंडाशी भोक पाडलेला लोखंडी तुकडा ठेवून गोळी झाडली आणि वायू त्याला किती जोराने ढकलतो ते पाहिलं. मग तोच धक्का दांड्याने मागे आणला. त्यातून वायूवर चालणारी मशीनगन तयार झाली. ती कोल्ट कंपनीने बनवली आणि १८९५ ची कोल्ट म्हणून ओळखली गेली. आपण थर्मोडायनामिक्सच्या पेपरात वाया जाणाऱ्या ऊर्जेवर पानभर लिहितो. ब्राउनिंगने ती गवतात पाहिली.

यानंतर तो पिस्तुलाकडे वळला. मामाच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. रिव्हॉल्व्हरमध्ये फिरणारी चक्री असते. प्रत्येक काडतुसाला वेगळं घर. चाप ओढला की चक्री एक घर पुढे सरकते. एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं घर समोर येतं. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात काडतुसं मुठीत एकावर एक रचलेली असतात. गोळी सुटली की मागच्या धक्क्याने वरचा भाग मागे जातो, रिकामं टरफल बाहेर फेकतो, स्प्रिंगने पुढे येताना नवं काडतूस आत ढकलतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवण्याआधी. हा वरचा सरकणारा भाग म्हणजे स्लाइड. आज जगात दिसणाऱ्या बहुतेक पिस्तुलांना ती असते आणि ती ब्राउनिंगची देणगी आहे. १८९७ मध्ये बेल्जियममधल्या एफ.एन. कंपनीचा माणूस अमेरिकेत आला आणि हे डिझाइन घेऊन गेला. १९०० सालचं ते मॉडेल सात लाखांच्या आसपास खपलं. फ्रेंच भाषेत तर ब्राउनिंग हा शब्दच पिस्तुलासाठी रूढ झाला, आपल्याकडे वनस्पती तुपाला डालडा म्हणतात तसा. त्या पिस्तुलासाठी केलेलं ७.६५ मि.मी.चं काडतूस, म्हणजे आपण पॉइंट बत्तीस म्हणतो ते, आजही बनतं.

१९०२ मध्ये विंचेस्टरशी त्याचं फाटलं. त्याने आपोआप भरणारी शॉटगन केली होती आणि यावेळी त्याला ठोक रक्कम नको होती, प्रत्येक नगामागे रॉयल्टी हवी होती. बेनेट साहेब नाही म्हणाले. ब्राउनिंग नमुना उचलून रेमिंग्टन कंपनीत गेला. तो बाहेर बसलेला असताना तिथले अध्यक्ष हृदयविकाराने वारल्याची बातमी आली. दुसरा कोणी असता तर घरी गेला असता. हा बोटीत बसून बेल्जियमला गेला आणि एफ.एन.शी करार करून आला. कॅम्पसला दोन कंपन्यांनी नाकारलं म्हणून चार दिवस मेसला न जाणाऱ्या आमच्या मित्रांनी हे लक्षात ठेवावं.

आता टिकाऊपणाची गोष्ट. अमेरिकन लष्कराला फिलिपाइन्सच्या लढाईत आपलं जुनं रिव्हॉल्व्हर कमी पडतंय असं दिसलं. नवं पिस्तूल निवडायला त्यांनी काही वर्षं चाचण्या घेतल्या. शेवटची चाचणी मार्च १९११ मध्ये झाली. एकाच पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडायच्या. शंभर झाल्या की थोडा वेळ थंड होऊ द्यायचं, हजार झाल्या की साफसफाई आणि तेल. पिस्तूल हाताला सोसेना इतकं तापलं तर ते पाण्यात बुडवून पुन्हा सुरू. पुढे वाकडी काडतुसं घालून पाहिली, चिखल आणि वाळू भरून पाहिली, आम्लात ठेवून गंज चढवून पाहिलं. स्पर्धेतलं सॅव्हेज कंपनीचं पिस्तूल ३७ वेळा अडखळलं. ब्राउनिंगचं एकदाही नाही. २९ मार्च १९११ ला ते लष्कराने स्वीकारलं आणि पुढे १९८५ पर्यंत तेच मुख्य पिस्तूल राहिलं. ७४ वर्षं! ते सोडवायला वेगळी हत्यारं लागत नव्हती आणि एकाचा भाग दुसऱ्याला बसत होता. आपल्या वर्कशॉपमध्ये दोन जणांचे फायलिंगचे जॉब एकमेकांत बसत नाहीत, तेव्हा याची किंमत कळते.

इथपर्यंत वाचून मी खूश होतो. मामाला काय लिहायचं ते जवळपास ठरलं होतं. मग वाचता वाचता नाशिक आलं.

१९०९ मध्ये सावरकरांनी परदेशातून २० ब्राउनिंग पिस्तुलं हिंदुस्थानात पाठवली. लंडनच्या इंडिया हाउसमधले चतुर्भुज अमीन यांनी ती पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईला आणली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरात शारदा नाटकाचा प्रयोग होता. बदली झालेले कलेक्टर जॅक्सन निरोपाच्या निमित्ताने तिथे आले होते. अनंत लक्ष्मण कान्हेरे या तरुणाने त्यांना ब्राउनिंगनेच गोळ्या घातल्या. पिस्तूल अडकलं नाही. कान्हेरे तेव्हा अठरा वर्षांचा, म्हणजे आपल्या फर्स्ट इयरच्या मुलांएवढा. जॅक्सन संस्कृत जाणणारा, लोकांत मिसळणारा म्हणून ओळखला जाई आणि त्याच्याच राज्यात बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली होती. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. पिस्तुलांचा धागा लंडनपर्यंत गेला आणि सावरकर अंदमानात पोचले.

पुढे २८ जून १९१४ ला साराजेव्होत एका एकोणीस वर्षांच्या पोराने ऑस्ट्रियाच्या युवराजाला आणि त्याच्या पत्नीला गोळ्या घातल्या आणि पहिलं महायुद्ध पेटलं. त्याच्या हातात एफ.एन.चं १९१० चं मॉडेल होतं. डिझाइन ब्राउनिंगचं. २७ फेब्रुवारी १९३१ ला अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कमध्ये चंद्रशेखर आझाद एकटे लढले ते कोल्टच्या १९०३ च्या मॉडेलने. तेही ब्राउनिंगचंच. ते पिस्तूल आज अलाहाबादच्या संग्रहालयात जपून ठेवलेलं आहे.

कान्हेरे, साराजेव्होचा पोरगा, आझाद. प्रत्येकाचं कारण वेगळं, त्यांच्याविषयीची आपली भावनाही वेगळी. यंत्राने मात्र कोणालाही काहीच विचारलं नाही. चाप ओढला आणि ते चाललं. ऑग्डेनच्या दुकानात शिकलेला माणूस याचसाठी तर जन्मभर झिजला होता.

ब्राउनिंगचं पुढचं आयुष्य थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली तेव्हा, मे १९१७ मध्ये, त्याच्या नव्या मशीनगनची चाचणी झाली. तिने २०,००० गोळ्या झाडल्या. परीक्षकांना शंका आली की हा नमुना खास घासूनपुसून आणला असेल, म्हणून त्याने दुसरी गन लावली. ती ४८ मिनिटांहून अधिक काळ एकसारखी चालली. सरकारने सगळ्या हक्कांचे मिळून ७,५०,००० डॉलर देऊ केले. रॉयल्टी मागितली असती तर याच्या कितीतरी पट मिळाले असते, पण देश युद्धात आहे म्हणून त्याने घासाघीस केली नाही. त्याचा स्वतःचा मुलगा व्हॅल बापानेच बनवलेली रायफल घेऊन फ्रान्सच्या आघाडीवर होता. २६ नोव्हेंबर १९२६ ला बेल्जियममध्ये, एफ.एन.च्या कारखान्यातच, काम करता करता हृदय बंद पडून ब्राउनिंग गेला. नावावर १२८ पेटंटं होती. त्याचं शेवटचं, अर्धवट राहिलेलं पिस्तूल बेल्जियमच्या सेव्ह नावाच्या डिझायनरने पूर्ण केलं आणि ते १९३५ मध्ये आलं. त्याचीच ९ मि.मी.ची भारतीय आवृत्ती बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनली आणि आपल्या सैन्याने, पोलिसांनी वापरली. म्हणजे बंदोबस्तात साहेबांच्या कमरेला जे दिसतं, त्यात अनेकदा ऑग्डेनचा ब्राउनिंग असतो.

इतकं झाल्यावर मी मामाला फोन केला. सगळं रीतसर सांगितलं. हत्यार कायदा १९५९ चा आहे. अर्ज बुलढाण्याला जिल्हाधिकारी कार्यालयात करायचा, मग पोलीस चौकशी होते. जिवाला धोका आहे हे पटवून द्यावं लागतं. ९ मि.मी. सामान्य माणसाला मिळत नाही, पॉइंट बत्तीस मिळू शकतं. कानपूरचं सरकारी रिव्हॉल्व्हर आहे, अशनी नावाचं सरकारी पिस्तूल आहे आणि त्याचं काडतूस ब्राउनिंगचंच. रोज सराव करणाऱ्याला पिस्तूल चालेल, वर्षातून एकदा हातात धरणाऱ्याला रिव्हॉल्व्हर सोपं. चामड्याच्या म्यानात घालून महिनोन्महिने ठेवू नये, चामडं ओल धरतं आणि गंज चढतो. काडतुसं जुनी ठेवू नयेत. तेल थोडंच, पण नेमाने. मामा हो हो म्हणत ऐकत होता.

मग फोन मामीने घेतला. तिने मला दोनच गोष्टी विचारल्या. पहिली, ते ठेवायचं कुठे? रात्री दोन वाजता कामी यायचं तर उशाशी हवं, आणि घरात सात वर्षांचा नातू आहे, तर कुलपात हवं. दोन्ही एकदम कसं जमणार? याचं उत्तर ब्राउनिंगच्या १२८ पेटंटांत नव्हतं.

दुसरी गोष्ट तिने हळू आवाजात विचारली. शेजारच्या वावराचा धुरा. मामाचा आणि त्याच्या चुलतभावाचा या धुऱ्यावरून पंधरा वर्षांचा वाद आहे. मागच्या पेरणीच्या वेळी काठ्या निघाल्या होत्या. मामा काठी आणायला घरापर्यंत आला, तेवढ्यात मामीने पाणी दिलं, खाली बसवलं आणि राग उतरला. त्या दिवशी घरात ते असतं तर, एवढंच म्हणून ती थांबली.

मी फोन ठेवला आणि मला नाशिकचं थिएटर पुन्हा आठवलं. मामाने विचारलं होतं, न अडकणारं कोणतं. आम्ही मेकॅनिकलवाले याला विश्वसनीयता म्हणतो आणि तिच्यावर मार्क मिळवतो. पण काठी आणायला जावं लागतं, वाटेत कोणी अडवतं, पाणी देतं. न अडकणारं यंत्र तेवढा वेळ देत नाही. आणि टिकाऊपणाचं म्हणाल तर १९११ ची पिस्तुलं आजही चालतात. मामा आज एकसष्टचा आहे. तो नसेल तेव्हाही ते हत्यार त्या घरात तेल लावलेलं, तयार असेल. ते कोणाच्या हातात असेल आणि त्या हाताला त्या दिवशी कशाचा राग आलेला असेल, हे कोणती चाचणी सांगणार?

ब्राउनिंगचा यात दोष आहे असं मी म्हणत नाही. त्याने आपलं काम इतकं चोख केलं की यंत्राच्या बाजूने सबब उरली नाही. सबब उरत नाही तेव्हा सगळा भार माणसावर येतो. पिस्तूल निवडायचं तर आधी स्वतःची चाचणी घ्यावी लागते, आणि ती सहा हजार गोळ्यांपेक्षा अवघड आहे.

संक्रांतीला पुन्हा मामाकडे गेलो. वावरात खांबावर दिवा लागलेला, दारात दोन कुत्री, त्यांनी मला अर्धा तास आत येऊ दिलं नाही. लायसन्सचा फॉर्म कपाटात सातबाऱ्याच्या पिशवीतच होता, भरलेला पण सही न केलेला. मामाने त्याबद्दल काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एवढंच कळलं की धुऱ्याच्या सरकारी मोजणीचे पैसे त्याने भरून टाकलेत. मोजणी झाल्यावर बघू, म्हणाला. मामीने तिळगुळाचा डबा पुढे केला. त्यातला थोडा बाजूला काढून ठेवला होता, शेजारच्या वावरात पाठवायला.

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)